दादाच्या दहा बैठका

माझा दादा लिफ्टचा मिस्त्री. मोटर कशी घुरघुरते एवढं ऐकून तो बिघाड कुठे आहे ते सांगायचा. तीन वर्षांपूर्वी कामावर असताना दुसऱ्या मजल्यावरून लिफ्टच्या खड्ड्यात पडला. पाठीच्या कण्याला मार लागला आणि कमरेखालचं सगळं गेलं. घरात व्हीलचेअर आली, उंबरे निघाले, वहिनीने पलंग बाहेरच्या खोलीत आणला. एवढं सगळं आम्ही निभावलं. निभावलं नाही ते दुखणं.

लोकांना पटायचंच नाही. ज्या पायांना चिमटा काढला तरी कळत नाही, ते दुखतील कसे? पण ते दुखायचे. दादा म्हणायचा, "तळवे तव्यावर ठेवल्यासारखे भाजतात गं. मधेच करंट बसतो." डॉक्टर सांगायचे, मज्जारज्जूला इजा झाली की नसा मेंदूला भलतेच निरोप पाठवत राहतात. गोळ्यांनी जरा उतार पडायचा, पण मग दिवसभर गुंगी. वहिनी रोज संध्याकाळी विचारायची, "आज किती?" शून्य ते दहामधला आकडा तो सांगायचा आणि ती कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहायची. आठ. आठ. नऊ. आठ. महिनेच्या महिने तेच. हसवणारा माझा भाऊ चमचा पडला तरी खेकसायला लागला होता.

मग पुनर्वसन केंद्रातल्या डॉक्टरांनी ॲक्युपंक्चरचं सुचवलं.

"काहींना फरक पडतो, काहींना अजिबात नाही. आधीच सांगतो, पाय चालणार नाहीत, आणि गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. आठवड्याला दोन अशा दहा बैठका करून बघू."

दादाने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "डॉक्टर, पाय हलत नाहीत माझे आणि तुम्ही दहा बैठका काढायला सांगताय?"

डॉक्टर आधी गडबडले, मग टेबलावर हात आपटून हसले. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. दादाने विनोद केला होता!

घरी आल्यावर मात्र तो अडून बसला. "सुयाच टोचायच्या तर आमची टेलरबाई आहे की घरात. तिच्याकडे डबाभर आहेत."

टेलरबाई म्हणजे मी. मी कपडे शिवते. "माझ्या सुया बोथट आहेत," मी म्हटलं, "आणि तुझं कातडं गेंड्याचं. मुकाट्याने चल."

सुया लावणाऱ्या बाई साठीच्या, बुटक्या, आवाज मात्र खणखणीत. पहिल्याच दिवशी दादाने त्यांचं नाव सुईबाई ठेवलं आणि त्यांनी ते हसत लावून घेतलं. त्यांनी आधी रक्तदाब मोजला, पायांची कातडी कुठे लाल झाली आहे का ते नीट पाहिलं, मगच पाकीट फोडलं. मी पुढे वाकून सुई बघितली. माझ्या सर्वांत बारीक सुईच्या निम्म्या जाडीचीही नव्हती! एक हाताच्या पंजात गेली, एक मनगटापाशी, दोन कानांत, काही पाठीवर, काही पायांवर.

"काय वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"हाताला जड वाटतंय. पायाला टोचलीत का?"

"चार टोचल्या."

"बघा, किती गुणी पेशंट आहे मी!"

पण चार बैठका झाल्या तरी कॅलेंडरवर आठच. चौथ्यानंतर गाडीत बसवताना दादा म्हणाला, "पुरे आता. उगाच तुम्हा दोघींची धावपळ."  वहिनीने खुर्ची घडी करून मागे टाकली आणि दार धाडकन लावलं. "दहा ठरल्यात," ती म्हणाली. "दहा होणार."

पाचव्या बैठकीत तो झोपला. साधासुधा नाही, घोरायला लागला! सुईबाईंनी ओठांवर बोट ठेवलं, आणि आम्ही तिघी पडद्याआड हसू दाबत उभ्या राहिलो. दिवसाउजेडी इतका गाढ झोपलेला दादा मी तीन वर्षांत पाहिला नव्हता.

वहिनी तिथून परस्पर कामावर गेली, आणि त्याच दिवशी घरी माझं शिलाई मशीन अडलं. दादाने ते जेवणाच्या टेबलावर मागवलं, पान्हा-पक्कड मागवली, आणि बघता बघता सगळं सुटं केलं. "तेल कधी घातलं होतंस? तुझ्या लग्नात?" असं म्हणत मला झापत होता. दोन तास गेले असतील. सहाला वहिनी कामावरून आली आणि सवयीने पेन्सिल काढली.

"आज किती?"

 दादाने हातातला स्क्रू खाली ठेवला. "थांब," तो म्हणाला. "थांब, बघतो." त्याने डोळे मिटले. "आहे. तळव्यात आहे. पण अगं... मी विसरलो होतो. मशीन उघडल्यापासून मला आठवणच नव्हती!"

"आकडा सांगा!" वहिनी ओरडली.

"चार. फार तर चार!"

वहिनीने चार लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. मी उड्या मारल्या, इतक्या की खालच्या मजल्यावरच्या काकू काय झालं म्हणून वर आल्या. त्यांना सांगितलं तर त्यांनीही दादाच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. दादा रडत होता आणि हसत होता, ग्रीसने काळ्या झालेल्या हातांनी डोळे पुसून सगळा चेहरा माखून घेत होता.

दुसऱ्या दिवशी सात. आमची तोंडं उतरली, पण सुईबाई शांत होत्या. "नस आहे ती, बटण नाही. चढउतार होणारच." त्यानंतर सहा, पाच, एकदा पुन्हा सात, मग पाच. दहावी बैठक झाली तेव्हा बहुतेक दिवस पाचावर थांबत होते. डॉक्टरांनी आणखी बैठका लिहून दिल्या आणि दुपारची गोळी स्वतःच कमी केली. श्रेय सगळं सुयांचं की आणखी कशाचं, हे छातीठोकपणे सांगणार नाही, असंही म्हणाले. दादा म्हणाला, "कुणाचंही असू दे, मला पाच द्या!"

गुंगी उतरली तसा त्याने एक फोन लावला. लिफ्टचं काम शिकवणाऱ्या एका संस्थेने त्याला दोनदा शिकवायला बोलावलं होतं आणि दोनदा त्याने नाही म्हटलं होतं. तीन तास बसायचं कसं, हीच भीती. या वेळी त्यानेच विचारलं, "जागा आहे का अजून?"

पहिल्या दिवशी त्याला सोडायला मी गेले आणि मागच्या बाकावर बसून राहिले. लांबलचक कार्यशाळा, मधोमध लिफ्टची खरीखुरी मोटर, भोवती वीसएक शिकाऊ मुलंमुली. पहिला तास रंगला. दुसऱ्या तासाला दादाने खुर्चीचा हात घट्ट धरला. मला कळलं, आकडा वर चढतोय. मी अर्धवट उठले.

त्याने मला हातानेच बसवलं आणि वर्गाला सरळ सांगितलं, "माझे पाय आत्ता दुखताहेत. सहावर असतील. पाच मिनिटं थांबतो. तोवर तुम्ही ही मोटर चालू करून ऐका आणि बिघाड कुठे आहे ते मला सांगा."

त्याने हातांवर भार देऊन अंग उचललं, बसण्याची जागा बदलली, सावकाश श्वास घेतले. मुलं मोटरभोवती कान लावून वाकली. एक म्हणाला पट्टा, दुसरा म्हणाला ब्रेक, आणि जुंपलीच त्यांची. एका वेणीवाल्या मुलीने सगळ्यांना गप्प केलं. "बेअरिंग," ती म्हणाली. "डावीकडचं. कोरडं पडलंय."

दादाने खुर्ची इतक्या जोरात पुढे रेटली की दोघं बाजूला उडाले.

"कशावरून?" त्याने विचारलं. त्याचे डोळे लकाकत होते. "ये इकडे, सांग सगळ्यांना. कशावरून ओळखलंस?"