नववा धडा

विज्ञानाच्या सरांचं पोट दरवर्षी नवव्या धड्याला दुखायचं. आठवा धडा पचनसंस्थेचा, तो ते रंगवून शिकवत. नववा प्रजननाचा. तो आला की सर रजेवर जात आणि परत आल्यावर दहावा उघडत. मुलांना निरोप असे, नववा घरी वाचा.

यंदा मुख्याध्यापिकाबाई नवीन होत्या. त्यांनी रजेचा अर्ज वाचला, पोट नेमकं कुठे दुखतं ते विचारलं आणि सांगितलं की आपणही वर्गात येऊन बसणार आहोत.

सरांनी सगळा धडा फळ्याकडे तोंड करून शिकवला. आकृत्या सुरेख आल्या, आवाज मात्र फळ्यानेच ऐकला. बाईंनी मागच्या बाकावरून त्यांना वळून बोलायला लावलं. सर वळले. पाळी का येते, वयात येताना काय काय बदलतं, हे त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या पालीला समजावून दिलं. पोरं सुरुवातीला फिदीफिदी हसली, मग हसणं विसरून ऐकायला लागली.

तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. पाळी कायमची थांबताना काय होतं, असं तिला विचारायचं होतं. तिची आई जेवताजेवता उठून फ्रीज उघडून उभी राहते, आणि बाबांना वाटतं ती त्यांच्यावर चिडली आहे.

सरांच्या हातातला खडू मोडला. त्यांच्या घरीही हेच चाललं होतं. बायको भर थंडीत पंखा पाचवर करायची, ते स्वेटर घालून जेवायचे. कशाबद्दल ते न विचारता त्यांची दोनदा माफीही मागून झाली होती. उत्तर उद्या सांगतो, एवढं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली.

संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. सरांनी बरीच प्रस्तावना केली, तापमानापासून सुरुवात केली आणि शेवटी विचारलं.

"दीड वर्ष झालं," ती म्हणाली.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"अहो, तुम्ही विज्ञान शिकवता. मला वाटलं, माहीत असून गप्प बसलाय."

"मला वाटलं, तू रागावली आहेस."

"रागावलेही होते. पण ते तुमच्या या गप्प बसण्यामुळे."

मग तिने सगळं सांगितलं. आधी छातीत धडधडायचं, अंगातून वाफा निघायच्या, तेव्हा तिला हृदयविकारच वाटला होता. महिनाभर जीव मुठीत धरून ती ऑफिसला जात होती. शेवटी एकटीच डॉक्टरांकडे गेली. तिच्या शाळेतही हा धडा घरी वाचायला सांगितला होता, आणि घरी आईने पुस्तक कपाटावर टाकलं होतं. सर मान खाली घालून उशीच्या अभ्र्याची घडी घालत राहिले. ती घडीही चुकली. बायकोने ती उलगडून पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी सरांनी उत्तर दिलं, मुलांकडे बघून.

दोन दिवसांनी त्या मुलीचे वडील शाळेत आले. स्कूटर दुरुस्तीचा धंदा, हात कोपरापर्यंत काळे. त्यांना फाटकातून येताना पाहून सर प्रयोगशाळेत शिरले आणि सांगाड्याच्या आड उभे राहिले. सांगाडा काही फार रुंद नव्हता.

"सर, दिसताय तुम्ही," वडील म्हणाले. "पोरीने घरी सांगितलं सगळं. मला एवढंच विचारायचंय, हे किती दिवस चालतं?"

सर बाहेर आले. दिवस नव्हे, वर्षंही लागतात, प्रत्येकीचं वेगळं असतं, त्रास फार असेल तर डॉक्टरांकडे न्या आणि बरोबर जा, असं त्यांनी सांगितलं. वडिलांनी मान डोलावली, पण हलले नाहीत.

"आणखी काही?"

"गॅरेजातले दोघं आलेत. त्यांनाही विचारायचंय. फाटकाबाहेर उभे आहेत, लाजतायत."

सरांनी तीन स्टुलं ओढली, फळा पुसला आणि म्हणाले, "बोलवा त्यांना. मीही नुकताच शिकलोय."