दीडशेचा टायर

अल्बेइरो ओस्पिनाच्या दुकानातून बारीक टायर घेऊन बाहेर पडलेला माणूस सबंध पाल्मिता गावात शोधून सापडला नसता. गाडी कसलीही असो, मालक कितीही हडकुळा असो, अल्बेइरो मागच्या चाकावर बसेल तेवढा रुंद टायर चढवायचा आणि त्यावर थाप मारून म्हणायचा, "बघ, आता कशी वळूसारखी पाठ दिसतेय!" गिऱ्हाईकही खूश होऊन जाई. कॉफीच्या मळ्यांतून जाणाऱ्या त्या नागमोडी रस्त्यावर मागून पाहिलं की गाडी अल्बेइरोच्या हातची आहे, हे लांबून ओळखू यायचं.

मग स्वतःच्या लेकीची गाडी तो कशी सोडेल?

अलेइदा आठवडाभर डोंगरातल्या वस्त्यांना मोटरसायकलवरून औषधं पोचवायची आणि रविवारी शर्यतीत उतरायची. चारशे सीसीच्या गटात मागच्या मोसमात ती विल्मार सुलुआगाच्या पाठोपाठ दुसरी आली होती. यंदा पहिलं आपलंच, या खात्रीनं बापानं मोसमाच्या सुरुवातीला तिला एकशेसाठ मिलिमीटर रुंदीचा टायर भेट दिला. कंपनीनं दिलेला दीडशेचा काढून हा चढवला आणि गाडीभोवती तीनदा फिरून आला.

आणि तिथूनच सगळं बिनसलं. आधी चौथी, मग पाचवी, मग सातवी. वळणात गाडी झुकवायला जावं तर ती हट्टी खेचरासारखी सरळच जायला बघायची. जोर लावून झुकवली की ऐन मध्यावर धपकन पडल्यासारखी व्हायची आणि अलेइदाचा हात आपोआप ॲक्सिलरेटरची मूठ सोडायचा. पोरीच्या मनात भीती शिरली, अशी ट्रॅकवर कुजबूज सुरू झाली. बापानं एकदा जेवताना विचारलं, "पोरी, खरं सांग, भीती वाटते का गं? वाटली तर त्यात लाज नाही." तिला खरंच वाटायला लागलं होतं, की असेल. आपलं आपल्याला कळत नसेल.

मोसमाची शेवटची शर्यत घरच्याच ट्रॅकवर होती. शनिवारी सराव करून ती आत आली, हेल्मेट काढलं आणि घाम पुसत गाडीशेजारी फतकल मारून बसली. गुडघ्याची प्लास्टिकची पट्टी जमिनीवर घासून पार झिजली होती. तिनं सहज मागच्या टायरकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. टायर मधोमध भाजून गुळगुळीत झाला होता, पण दोन्ही कडांना नव्या टायरवर असतात ते रबराचे केस जसेच्या तसे उभे होते.

"पप्पा, इकडे ये."

"काय झालं?"

"हा गुडघा बघ. आता ही कड बघ. मी जमिनीला टेकेपर्यंत झुकतेय आणि तुझा टायर कडेवर टेकतच नाहीये."

अल्बेइरो वाकला. "नवा आहे. मुरेल."

"तीन शर्यती झाल्या! पप्पा, रिम चार इंचांची आहे. मोठी उशी लहान अभ्र्यात कोंबली की मधे फुगते ना, तसं झालंय. दोन्ही बाजूंनी दाबला गेलाय आणि मधे उंच झालाय. म्हणून आधी वळत नाही, आणि वळला की एकदम पडतो. रुंद घेतला, पण जमिनीला लागतंय ते कमीच."

"तीस वर्षं टायर बसवतोय मी."

"रस्त्यावरच्या गाड्यांना. ते लोक चौकात थांबून मुली बघतात. मला वळायचंय."

अल्बेइरोचं तोंड आंबट झालं. पण व्हॅनमधून त्यानं एकशेचाळीसचा टायर काढला आणि तिच्यासमोर आपटला. "घे! बारीक पाहिजे ना? हा घे!" रागारागात, पण नेहमीसारखाच नीट, त्यानं तो चढवला.

पलीकडे गुळाच्या गरम अगुआपानेलाचा पेला फुंकत विल्मार उभा होता. "काय गं अलेइदा, सायकलचा टायर का? पायडल आणलेत ना?" आजूबाजूचे खो खो हसले.

एकशेचाळीसवर गाडी नुसतं मनात आणलं तरी वळत होती. पहिल्या फेरीत अलेइदा हेल्मेटच्या आत मोठ्यानं हसली. दुसरीत सेइबाच्या झाडाखालच्या वळणातून निघताना तिनं मूठ पिळली आणि मागचं चाक बाजूला सटकलं. गाडी आडवी झाली, पुन्हा उभी राहिली. ती कशीबशी सावरून आत आली तेव्हा बापाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"झालं समाधान? मेली असतीस!"

"वळायला झकास आहे," ती धापा टाकत म्हणाली. "पण बाहेर पडताना जोर दिला की कमी पडतो. दीडशे चढव."

"कंपनीचा? तो तर सगळे फेकून देतात!"

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "मला चार महिने वाटतंय की मी भित्री झाले. आता तरी मला ठरवू दे."

अल्बेइरोनं नट खोलायचे पाने उचलले.

संध्याकाळी ती दीडशेवर चार-पाच फेऱ्या मारून आली, तेव्हा कडांवरचे केस साफ गेले होते. तिनं टायरवर तळवा ठेवला, एकसारखा गरम होता. बापाला तिनं फक्त मान हलवून खूण केली.

रविवारी पाल्मिता ओस पडलं आणि सगळं गाव ट्रॅकच्या उतारावर येऊन बसलं. कणसं, भाजलेले चोरिसो सॉसेज आणि पेट्रोल यांचा मिळून एकच वास सुटला होता. अल्बेइरोनं वाहनचालकांची पाठराखीण व्हर्जिन देल कार्मेन हिचा बिल्ला ओठांना लावला. झेंडा पडला.

विल्मारचं इंजिन दांडगं. सरळ रस्त्यावर तो सगळ्यांना मागे टाकून निघाला. पण ट्रॅकवर सरळ रस्ता होताच किती? पहिल्याच वळणात अलेइदानं दोघांना मागे टाकलं. गाडी सांगितलेल्या ठिकाणी झुकत होती, झुकलेली राहत होती, आणि मूठ पिळताच जमीन घट्ट धरून पुढे फेकत होती. तिचा हात एकदाही आपोआप सुटला नाही. कुठे होती भीती? ती शोधत होती आणि सापडत नव्हती! चौथी होती, तिसरी झाली, मग समोर फक्त विल्मारची पाठ उरली.

तो सरळ रस्त्यावर पळायचा, ती वळणात पुन्हा त्याला गाठायची. असं फेरीमागून फेरी. शेवटच्या फेरीत डावं-उजवं जोडवळण आलं. विल्मार डावीकडून उठून उजवीकडे झुकेपर्यंत अलेइदा आतल्या बाजूनं घुसलीसुद्धा होती. त्यानं आत यायला पाहिलं, जागाच नव्हती. सेइबाच्या झाडाखाली ती आदल्या दिवशी घसरली होती तिथेच तिनं मूठ पूर्ण पिळली. चाक किंचित कुरकुरलं, पण सुटलं नाही.

रेषा ओलांडताना तिला काही ऐकू आलं नाही. नंतर एकदमच सगळं ऐकू आलं, उतारावरून धावत येणारं अख्खं गाव.

विल्मार आला, हेल्मेट काढून बगलेत धरलं. "आम्ही सगळे म्हणत होतो, तू घाबरलीस."

"मीही म्हणत होते," ती म्हणाली, आणि दोघंही हसले. त्यानं तिच्या पाठीवर असा रट्टा हाणला की ती खोकली.

अल्बेइरो गर्दीतून वाट काढत पोचला. त्याला बोलायचं होतं, पण ओरडून ओरडून घसा बसला होता. त्यानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, घोगऱ्या आवाजात कसंबसं म्हणाला, "माझी वाघीण!" आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

"पप्पा, पुरे. लोक बघतायत."

"बघू देत! आणि ऐक, तो एकशेसाठचा मी—"

"त्याचं घरी बोलू."

कुणीतरी तिला चषकाकडे बोलावत होतं. अलेइदानं मात्र बापाला गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं, त्याला आपली कंबर घट्ट धरायला लावली आणि मूठ पिळली. पंचांनी हात हलवले, शिट्ट्या मारल्या. पण ती दोघं अगोदरच पहिल्या वळणात झुकली होती आणि अल्बेइरो ओस्पिना बसलेल्या घशानं किंचाळत होता, "अजून! अजून झुकव!"