पाववाल्या काकांचं डावं मूत्रपिंड

मित्रांनो, मी एक जुनं मूत्रपिंड आहे. मुठीएवढा माझा आकार. अठ्ठावन्न वर्षं मी पाववाल्या काकांच्या पाठीत, डाव्या बाजूला राहतो. उजवीकडे माझा जुळा भाऊ असतो. काकांचं रक्त गाळायचं, घाण लघवीवाटे बाहेर टाकायची, हे आमचं काम. त्यात आम्ही कधी खाडा केला नाही.

काका भट्टीपाशी उभे राहून गोड पाव भाजायचे आणि प्रत्येक घाणा चाखायचे. पंधरा वर्षांपूर्वी तपासणीत साखर वाढलेली निघाली. काकांनी तो कागद पिठाच्या डब्यामागे सरकवला.

साखर मुरत गेली तसं माझ्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर सुजू लागलं. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या आमच्या राखणदार. जंतू दिसला की तुटून पडतात. सुजलेलं अस्तर पाहून त्यांना वाटलं, शत्रू शिरला! त्या माझ्यातच घुसल्या आणि मारा करत राहिल्या. कुंपणच शेत खाऊ लागलं. माझ्यात व्रण पडले, चाळणी फाटली, अंगाला हवी असलेली प्रथिनं लघवीत गळू लागली. मी मात्र दुखलो नाही. आम्हाला कण्हता येत नाही.

एके दिवशी काकूंनी काकांचे पाय पाहिले.

"अहो, मोज्याचा वळ एवढा खोल कसा रुतला?"

"दिवसभर उभा असतो, पाय सुजणारच."

"आणि लघवीला फेस येतो, तोही उभं राहून?"

दुसऱ्याच दिवशी काकांनी दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी रक्त-लघवी तपासून सगळं समजावलं. काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे आता मशीनवर रक्त धुवायचं?"

"आज नाही. मनावर घेतलंत तर कदाचित कधीच नाही. पडलेले व्रण जाणार नाहीत, पण राहिलंय ते राखता येईल. रक्तातल्या राखणदार पेशींना चिडवणं थांबवा. साखर आणि रक्तदाब आटोक्यात हवा, गोळ्या चुकवायच्या नाहीत."

गोळ्या सोप्या होत्या. चाखणं सोडणं जड गेलं.

"जिभेवर धंदा उभा केलाय मी! तीच गप्प बसवू?" काका भट्टीपाशी मदतीला असलेल्या लेकीवर खेकसले.

"बाबा, चव मी घेते. चुकले तर रागवा."

पहिल्या घाण्यात तिचं मीठ जास्त पडलं. काकांनी तिचं वाकडं झालेलं तोंड पाहिलं आणि खो खो हसले. "चाखायची गरजच नाही, तुझ्या तोंडावरून कळलं!" त्या दिवसापासून ती चाखते आणि काका तिचा चेहरा वाचतात.

आठ महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. प्रथिनांची गळती निम्म्यावर आली होती. काकूंनी डॉक्टरीणबाईंना तो आकडा दोनदा मोठ्यानं वाचायला लावला. माझ्यातला धुमसता मारा ओसरलाय. मी पूर्वीचा राहिलो नाही, पण उरल्या ताकदीनं रोज गाळतोय.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाला साखर असेल. त्यांना एवढंच विचारा, "रक्ताबरोबर लघवीही तपासलीत का?" ते हसतील, कदाचित रागावतीलही. तरी विचारा. त्यांच्या पाठीत माझ्यासारखे दोघं मुकाट राबताहेत, त्यांच्या वतीनं विचारा.