पंगतीतली जागा

शेंद्र्याच्या ख्रिस्ती उपासनामंदिराच्या पत्र्यांवर सकाळचे ऊन प्रथम चढले, तेव्हा ते ऊन आहे की नुसता पिवळसर ओलावा, हे ओळखू येत नव्हते. पन्हळीपन्हळीतून ते सावकाश उतरले, कडुनिंबात अडकले, पानांतून सुटून अंगणातल्या सारवणावर आले; तेथे निजलेल्या कुत्र्याच्या पाठीवर क्षणभर रेंगाळले आणि मग चुलीवरच्या मोठ्या पातेल्याच्या काठाला जाऊन टेकले. कुणी त्याला बोलावले नव्हते. कुणी अडवलेही नाही.

आमोस पायरीवर बसून हे पाहत होता. आज हंगामाच्या उपकारस्तुतीचा सण. जेवणानंतरच्या सभेत त्याचे पहिले प्रवचन होते, आणि विषय होता देवाची कृपा. बजाजनगरच्या आपल्या भाड्याच्या खोलीत महिनाभर शास्त्र वाचून त्याने ते बांधले होते. मंडळीचे धर्मगुरू पाळकसाहेब आले, तसे त्याने हलक्या आवाजात ते त्यांना म्हणून दाखवले.

"चांगलं आहे," पाळकसाहेब म्हणाले. "तारण कमवावं लागत नाही, ती देणगी आहे. बरोबर. पण आमोस, इतक्या वर्षांत तू इथल्या पंगतीत एकदा तरी बसलास का?"

"वाढायला कुणीतरी हवं ना, साहेब."

"आज बसायचं. नाही बसलास, तर प्रवचन मीच करीन."

आई गेली तेव्हा आमोस फार लहान होता. या मंडळीने त्याला घरोघरी आळीपाळीने जेवू घालून वाढवले होते. हाताला बादली पेलू लागली तेव्हापासून तो प्रत्येक सणाला वाढत आला होता. ते उपकार फेडण्याचा दुसरा मार्ग त्याला ठाऊक नव्हता.

दुपारी पंगत बसली. आमोसने सवयीने रश्श्याची बादली उचलली. त्याला पहिला घास भरवणाऱ्या आवडाबाईंनी ती मध्येच धरली.

"ठेव ती. बस खाली."

"मावशी, शेवटच्या पंगतीला बसतो."

"दरसाली हेच! अन् मंग उभ्या उभ्या दोन घास खाऊन पळतो. लई मोठा वाढपी लागून गेलास!"

"आक्का, सोडायचा नाय तो," पत्रावळीसमोर बसलेले म्हातारे कडूबा ओरडले. "बादलीसकट स्वर्गात जाईल गडी!"

"अन् तिथंबी देवदूतांना विचारील, रस्सा वाढू का!" पलीकडून सरूबाईंनी भर घातली.

सारी पंगत खळखळून हसली. आमोसचे कान तापले. प्रभू पाय धुवायला वाकला असता संकोचाने पाय मागे घेणारा शिष्य पेत्र त्याला आठवला. प्रवचनात तो त्या पेत्रावर जरा कठोरच झाला होता. त्याची बोटे कडीवरून सुटली.

तो कडूबांच्या शेजारी मांडी घालून बसला. रिकामे हात कुठे ठेवावेत, ते त्याला कळेना. आवडाबाईंनी भात वाढला, त्यावर रस्सा ओतला. तो "पुरे, पुरे" म्हणाला. त्यांनी आणखी ओतला.

"मग, बोलणार ना सभेत?" समोरच्या ओळीतून पाळकसाहेबांनी विचारले.

"व्हय," आमोस भरल्या तोंडाने म्हणाला, आणि पुन्हा हशा पिकला. त्यात या वेळी तोही होता.

मग त्याने मान वर केली. बादल्या ओळीओळीने पुढे सरकत होत्या, बाया हाका मारत होत्या, एकही पत्रावळ रिकामी नव्हती. वाढायला माणसे पहिल्यापासूनच पुरेशी होती.