मागचं चाक तीन-अठराचं

देवाजीला खोटं बोलायची कला कधी जमली नाही. चाळिशी उलटल्यावर त्यानं ती शिकायला घेतली, आणि तीही बायकोवर.

दिवाळी सरल्यावर संत्र्याचा भाव काढायला जातो असं सांगून तो एकटाच नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डोळ्यामागचा पडदा सुकत चालला आहे, याला ऑपरेशन नाही, वर्ष-दीड वर्ष दिवसाउजेडी भागेल, एवढंच डॉक्टरनं सांगितलं. घरी येऊन देवाजी म्हणाला, "माही कंबर धरून राहिली वं. तू फटफटी शिकून घे."

बायको सिंधूताई म्हणजे नरखेडकडच्या सात खेड्यांची नर्सबाई. बाळंतपणाचा निरोप आला की देवाजीनं राजदूत फटफटी काढायची आणि तिनं पेटी मांडीवर घेऊन मागं बसायचं, असं बारा वर्षं चाललं होतं. उद्या आपल्याला दिसेनासं झालं तर ही कशी जाईल, या काळजीनं त्याला अन्न गोड लागेना. त्याहून मोठी भीती वेगळीच होती. हिला खरं कळलं तर ही नोकरीवर पाणी सोडून आपल्या उशाशी बसेल. ते त्याला नको होतं.

सिंधूताई लुगड्याचा काष्टा मारून खळ्यावर शिकलीही. गिअर आले, ब्रेक आला. पण गाडी थांबली की पाय जमिनीला पोचेना. दोनदा गाडीसकट आडवी झाली आणि तिनं हात टेकले. मग देवाजीनं स्वतःचं डोकं चालवलं. मागचा टायर बारीक बसवला की गाडी बसकी होईल! म्हणून वैशाखातल्या एका सकाळी दोघं पेटीसकट नागपुरात गांधीबागेजवळ भैय्याजी मिस्त्रीच्या दुकानी आली. सबंध रस्ताभर सिंधूताई त्याच्या खांद्यात बोटं खुपसत होती, कधी डाव्या, कधी उजव्या. अलीकडे तिला ही खोडच लागली होती. बाई भित्री झाली, असं देवाजीनं मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

"पावणेतीनचा टायर लाव गा, भैय्याजी."

"काहून? सायकल हाय का हे? दोन माणसं, वरून बाईची पेटी. फाटला तं कोन निस्तरन?" भैय्याजी खाली बसला, जुन्या टायरवरची माती पुसली आणि त्यानं कपाळाला हात लावला. "अरे, हा तं सव्वातीनचा हाय! या गाडीले पाह्यजे तीनचा. चेनकव्हरले घासून राहिला ना हा. आन् गादीत दोन-दोन थर फोम? कोन्या शहाण्यानं केलं हे?"

शहाणा समोरच उभा होता. त्यानं मान खाली घातली.

"मीच केलं. तवा तारा पोटात होती ना. हिले धक्के बसू नये म्हून."

लेक तारा आता पहिलीत होती. एक टायर झिजला की तसलाच जाड दुसरा येत गेला, आणि का ते देवाजी स्वतःही विसरून गेला होता. सिंधूताई त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, सरकारनं रस्ता सुधारला.

"तीनचाच लावतो, आन् गादीतला एक थर काढतो," भैय्याजी म्हणाला. "पाय पोचते का नाई ते पाहा मंग."

भैय्याजीचा एक नेम होता. टायर चढवण्याआधी तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि त्यावरचा आकडा मोठ्यानं वाचून घ्यायचा. मागाहून कटकट नको. त्यानं नवा टायर देवाजीच्या हातात ठेवला.

"वाचा."

देवाजीनं टायर डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. काळ्या रबरावर काळेच आकडे. त्याचा अंगठा त्या उंचवट्यांवरून चाचपडू लागला. तीन तर लागला. पुढचं शून्य की आठ? भैय्याजी थांबला होता.

"त्याईचा चष्मा घरी राहिला," सिंधूताई म्हणाली. तिनं टायर आपल्याकडे ओढून घेतला. "तीन, शून्य, शून्य. मंग अठरा. चढवा."

देवाजीनं जन्मात कधी चष्मा लावला नव्हता.

टायर चढला, गादी उतरली. सिंधूताई काष्टा खोचून गाडीवर बसली आणि तिचे दोन्ही चवडे फरशीला टेकले. भैय्याजीनं समाधानानं हात पुसले. काटोल नाका मागं पडला, रस्ता मोकळा झाला, तेव्हा देवाजीनं गाडी एका लिंबाखाली उभी केली.

"कवापासून माईत हाय तुले?"

"दिवाळीपासून. शेजाऱ्याच्या म्हशीले आपली समजून वैरण टाकून राहिले होते तुमी."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी एवढ्या मेहनतीनं लपवून राहिले होते," ती म्हणाली. "कसं मोडू?"

आता कुठं देवाजीला खांद्यातल्या बोटांचा उलगडा झाला. डावं बोट म्हणजे डावीकडे खड्डा, उजवं म्हणजे उजवीकडे. सहा महिने गाडी तीच चालवत होती, हा नुसता पुढं बसत होता. त्याला लाज वाटली आणि भरूनही आलं.

"नोकरी सोडशीन का वं?"

"काहून सोडू? आता तं पाय पोचते माहे."

ती पुढं बसली, पेटी मांडीवर घेऊन तो मागं. सुरुवातीला गाडी थोडी लटपटली, मग नीट लागली. या रस्त्याचा खडा न् खडा देवाजीला पाठ होता. गावाजवळचा नाला येतोयसं वाटताच त्यानं तिच्या उजव्या खांद्यावर हलकेच बोट दाबलं.

"पुलाच्या तोंडाशी मोठा खड्डा हाय. उजव्या अंगाले."

तो खड्डा मागच्याच महिन्यात बुजवला होता. वरचं नवं डांबर उन्हात चकाकत होतं.

"बरं झालं सांगतलं," सिंधूताई म्हणाली, आणि तिनं गाडी डावीकडून नेली.