मुन्योकीचा ओंडका

शेळ्यांच्या कुंपणाजवळच्या बाभळीवर सकाळी मधमाश्यांचा घोस येऊन लटकला आणि मी घरात धावले. माश्या पाळायचा, आतून पोकळ केलेला रिकामा ओंडका घरात एकच होता, आणि त्यात मी चवळी भरून ठेवली होती.

दोन वर्षांपूर्वी गोरखचिंचेवर ओंडका टांगताना माझा नवरा मुन्योकी पडला. पाय वाकडाच जुळला. त्याचे उंचावरचे सगळे ओंडके पुतण्यांनी सांभाळायला घेतले, हा तेवढा राहिला. तेव्हापासून तो अंगणात बसून असतो. विचारलं तर 'हो' किंवा 'नाही', बस्स. मधाचं मला काही नव्हतं. मला हा माणूस बोलता हवा होता.

"ऊन डोक्यावर आलं की उडतील," तो बसल्या जागेवरून म्हणाला. एवढं लांब वाक्य!

मी चवळी चटईवर ओतली, ओंडका फांदीखाली आणला. फांदीखाली वाळक्या भोपळ्याचा मोठा तुंबा धरून ती जोरात हलवली, घोस आत पडला. पोटभर मध पिऊन निघालेल्या माश्या सहसा चावत नाहीत. तुंबा ओंडक्यात उपडा केला. घटकाभरात सगळ्या बाहेर, परत फांदीवर!

मुन्योकी काठी टेकत उठला. ओंडक्यात नाक खुपसलं आणि माझ्याकडे असं बघितलं की बस्स.

"साबण! मुथोकीच्या आई, ओंडका साबणाने धुतलास?"

"चवळीला कीड लागेल म्हणून..."

"मग माश्यांनाही आंघोळ घाल! चाळीस वर्षं माझ्या घरात काढलीस, आणि एवढी अक्कल नाही?"

दोन वर्षांत एवढी बोलणी खाल्ली नव्हती. जीव सुखावला. मी मुकाट्याने जुनं मेण आणून दिलं. त्याने निखाऱ्यावर मऊ केलं, ओंडका आतून घासला, पाल्याची धुरी दिली, पुन्हा नाक खुपसलं. मग तुंबा स्वतःच धरला.

"आता हलव. बायकांसारखी नको, नीट हलव."

"मग माणूस बोलाव एखादा," मी म्हटलं आणि फांदी गदागदा हलवली.

या वेळी माश्या ओंडक्याच्या तोंडाशी बुडं वर करून पंख फडफडवायला लागल्या. "राणी आत गेली," तो हळूच म्हणाला.

संध्याकाळी शेजारचा कावुती दोर घेऊन आला. "चला, मोठ्या झाडाच्या शेंड्यावर टांगतो. तिथनं सगळ्या गावाला दिसेल ओंडक्यावर कोरलेली तुमच्या कुळाची खूण."

माझा चेहरा पडला. शेंड्यावर गेला म्हणजे हाही पुतण्यांचाच झाला. "इथेच, कमरेएवढा खाली बांध," मी म्हटलं.

कावुती खो खो हसला. "ओंडका आहे की शेळी? बिज्जूसारखं चोरटं जनावर दोन दिवसांत मध फस्त करेल. लोक काय म्हणतील, काका?"

गावात आजवर कुणी ओंडका खाली बांधला नव्हता, आणि मुन्योकीइतकं उंच कुणी चढलं नव्हतं. मी त्याच्याकडे बघायचंच टाळलं.

"खाली बांध," तो म्हणाला. "माझा हात पोचेल असा. बिज्जूला मी बघतो."

कावुती पुटपुटत दोर आवळून गेला. मुन्योकी अंधार पडेपर्यंत ओंडक्याला कान लावून उभा होता.

"उद्या मला लवकर उठव," आत येताना म्हणाला. "कामं पडलीत."