तोताराम आबांच्या तेलातलं रॉकेल

वास वेगळे करण्यात माझी हयात गेली, मित्रांनो. जळगावच्या एका प्रयोगशाळेतला मी जुना गॅस क्रोमॅटोग्राफ. सुईने तेलाचा थेंब दिला की मी त्याची वाफ करतो. केसासारख्या बारीक, लांबच लांब नळीतून एकेक वास आपापल्या वेळी बाहेर पडतो. मग शेजारचा मास स्पेक्ट्रोमीटर त्याचे तुकडे करून त्याची ओळख पटवतो. कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग, तशी आमची जोडी! कागदावर शिखरं उमटतात.

मला चालवायच्या प्रमिलाबाई. कीर्तनाचं भारी वेड. रोज आधी सुई धुऊन नुसतं द्रावक सोडायच्या. कागद कोरा आला की म्हणायच्या, "झालं नमन."

१९९४ साली, हरिनाम सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, त्यांना काल्याच्या कीर्तनाची घाई होती. सकाळीच रेशनचं रॉकेल तपासलं होतं. नमन राहिलं. त्याच सुईने त्यांनी तोताराम आबांचं रोशा गवताचं तेल सोडलं. धुळ्याकडच्या भट्टीवर आबा ते स्वतः काढत. कागदावर रॉकेलची शिखरं!

तेल विकत घ्यायला सोबत आलेला व्यापारी म्हणाला, "केस पिकले आबा, अन् हे धंदे?"

"अक्का, मना तेलमा घासलेट नई शे. देवनी आण! आते बठ्ठं, सगळं गाव माले चोर म्हनी."

प्रमिलाबाई कीर्तनाला गेल्या. आबा बाहेर पायरीवर बसले, ते तिथून हललेच नाहीत.

तासाभरात बाई धावत परतल्या. "आबा, आत या. बुवा म्हणाले, ताकाचं भांडं न विसळता दूध घेता आणि ते नासलं की गवळ्याला बोल लावता. मला तिथेच माझी न धुतलेली सुई आठवली!"

व्यापाऱ्यासमोर त्यांनी त्याच सुईने नुसतं द्रावक सोडलं. त्यातही रॉकेल! मग सुई खूपदा धुतली. कागद कोरा आला. शेवटी आबांचं तेल. गुलाबासारख्या वासाचं एकच उंच शिखर उभं राहिलं, रॉकेलचा मागमूस नाही.

"चूक माझी होती, आबा."

व्यापारी खाली मान घालून तेलाचे डबे मोजू लागला. आबांनी बाटलीत बोट बुडवलं आणि गंध लावायला माझ्याकडे वळले.

"आबा, त्याला नको! पुन्हा घोटाळा होईल."

आबा हसले आणि ते बोट त्यांनी बाईंच्या मनगटाला लावलं.

आता नवा क्रोमॅटोग्राफ आला आहे. माझ्यावर चादर असते. तक्रार नाही. मित्रांनो, माझी चादर झटका, न झटका. पण कुणाच्या तेलाला नाव ठेवण्याआधी आपली सुई धुतली का, एवढं पाहा. मी तर सुईत होतं तेच खरं सांगितलं होतं, आणि तरीही एक म्हातारा तासभर पायरीवर चोर होऊन बसला होता.